कूलंटचा होज गळतोय? आधी बघा, मग मोजा, मग क्लिप निवडा

रेडिएटरच्या होजला, म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट नेणाऱ्या रबरी नळीला, गळती लागली की बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो: क्लिप अजून आवळायची. दोन दिवस थेंब थांबतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मग आणखी अर्धा फेरा. असं करता करता एके दिवशी क्लिपचे आटे तरी जातात, नाहीतर रेडिएटरच्या प्लास्टिकच्या तोंडाला (होज ज्यावर चढवतात त्या आखूड नळीला) बारीक तडा जातो. मग किरकोळ किमतीच्या क्लिपचं काम थेट नव्या रेडिएटरवर जाऊन थांबतं.

क्लिपकडून आपल्याला दोनच गोष्टी हव्या असतात. रबर चहूबाजूंनी सारखं दाबलं जावं, आणि इंजिन गार असो की तापलेलं, तो दाब टिकावा. क्लिप कुठलीही घ्या, ती या दोन कसोट्यांवर उतरते का ते पाहायचं. पुढे जे लिहिलंय ते साध्या पेट्रोल-डिझेल कार डोळ्यांसमोर ठेवून. या गाड्यांच्या वरच्या आणि खालच्या होजचा बाहेरचा व्यास बहुधा 32 ते 42 मिमीच्या आसपास असतो, हीटरचे होज त्याहून बारीक.

थेंबभर गळतीकडे दुर्लक्ष का करायचं नाही, ते आधी सांगतो. कूलंटची यंत्रणा दाबाखाली चालते. तुमच्या रेडिएटरच्या टोपणावर 0.9 किंवा 1.1 असा दाबाचा आकडा दिसेल. काही टोपणांवर तोच 88 किंवा 108 किलोपास्कल असा छापलेला असतो. साधं पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळतं, पण 1.1 बारच्या टोपणाखाली ते सुमारे 122 अंशांपर्यंत उकळत नाही. होजचा जोड गळायला लागला की हा दाब धरत नाही, आणि मे महिन्यात कसारा घाटात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ट्रकच्या मागे रांगताना नेमका तोच दाब आपल्याला हवा असतो.

गळती खरंच जोडातून आहे का?

कूलंट गळतं एका जागी आणि थेंब पडतो दुसरीकडे. वरच्या होजमधून निघालेला ओघळ होजच्या पोटाखालून सरकत खालच्या जोडावर येतो आणि बिचाऱ्या खालच्या क्लिपवर आळ येतो. म्हणून सगळं आधी कोरडं करा. जुन्या सुती फडक्याने जोड पुसा, मग पांढरा टिश्यू पेपर जोडाभोवती वरून खाली फिरवा. ओलं झालेलं सगळ्यात वरचं ठिकाण तेच मूळ. गळती जुनी असेल तर वाळलेल्या कूलंटची हिरवट, गुलाबी किंवा पांढरी पापडी दिसते. तिचा माग वरच्या दिशेने काढा.

ओळखीच्या गॅरेजकडे प्रेशर टेस्टर असेल तर उत्तम. टोपणाच्या जागी हा हातपंप लावतात आणि टोपणावर जेवढा आकडा आहे तेवढाच दाब भरतात, जास्त नाही. दहा-पंधरा मिनिटं काटा हलला नाही तर जोड ठीक आहेत. काटा उतरला तर टॉर्च घेऊन थेंब शोधायचा. हे सगळं इंजिन गार असताना होतं, त्यामुळे गार जोडातून होणारी गळतीही पकडता येते. ही चाचणी न करता नुसत्या अंदाजाने क्लिपा बदलणाऱ्याकडे गाडी ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक लक्षण मात्र वेगळं ओळखा. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, आणि नवा होज, नवी क्लिप लावूनही जोड पुन्हा पुन्हा गळत असेल, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता मोठी. ते काम हेड गॅस्केटचं, म्हणजे सिलिंडर हेडखालच्या सीलचं. तिथे कुठलीही क्लिप उपयोगाची नाही.

हात लावण्याआधी

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. वरचा होज हाताने दाबून पाहा. मऊ लागला, सहज चेपला, तरच टोपण उघडा, आणि तेही जाड फडकं टाकून हळूहळू. किल्ली काढून ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा किल्ली बंद असतानाही स्वतःहून फिरू शकतो.

होजखाली स्वच्छ घमेलं किंवा ट्रे ठेवा. फक्त वरचा होज काढायचा असेल तर रेडिएटर पूर्ण रिकामा करायची गरज नाही, पातळी त्या तोंडाच्या खाली आली की पुरे. सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढा, घमेलं उघडं ठेवू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलांनाही तेवढाच धोका.

जुना होज तोंडावर चिकटून बसला असेल तर आधी हाताने पिळा, गोल फिरवून सैल करा. स्क्रू ड्रायव्हर आत घालून उचकटू नका. ॲल्युमिनियमच्या तोंडावर त्याचा एक ओरखडा पडला की तीच पुढच्या गळतीची वाट होते. होज बदलायचाच असेल तर सरळ ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरा, मात्र पातं तोंडाला लागू देऊ नका.

होज आणि तोंड तपासा

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. शेजाऱ्यांच्या गाडीला तीन वेगवेगळ्या क्लिपा लावून झाल्या होत्या आणि गळती तशीच होती. होज काढल्यावर थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) ॲल्युमिनियमच्या तोंडावर पांढरी भुकटी साचलेली दिसली. नखाने खरवडली तर खाली खड्डे लागले, आणि होजच्या आतल्या अंगाला नेमक्या त्याच जागी बारीक खाच उमटली होती. कूलंट त्या खाचेतून क्लिपच्या खालून आरामात बाहेर येत होतं. वरून कितीही आवळलं तरी ती वाट बुजणार नव्हती.

अशी भुकटी घासणीच्या बारीक हिरव्या पॅडने गोल फिरवत साफ करा, लांबीच्या दिशेने घासू नका. लांबीत पडलेला प्रत्येक चरा आतून बाहेर जाणारी वाट असतो, आडवा चरा तसा नसतो. खड्डे नखाला चांगलेच अडकण्याइतके खोल असतील तर तो भाग बदलणंच खरं. तोंड प्लास्टिकचं असेल तर उजेडाकडे धरून केसाएवढा तडा आहे का पाहा.

मग होज. टोकापासून दोन इंचांचा भाग चिमटीत धरून दाबा आणि तसाच दाबत मधल्या भागाकडे जा. टोकाजवळ मध्येच पोकळ, भुसभुशीत लागलं तर होज आतून चिरलाय. या होजचं रबर ईपीडीएम जातीचं असतं, आणि कूलंट, धातू व रबर यांच्यात चालणाऱ्या सूक्ष्म विद्युत-रासायनिक क्रियेमुळे ते आतल्या बाजूने, टोकांजवळ आधी चिरतं. बाहेरून होज नव्यासारखा दिसत राहतो. तेल लागून मऊ आणि फुगीर झालेला होजही बाद, कारण खनिज तेल ईपीडीएमचा शत्रू आहे.

टोकावर जुन्या क्लिपचा खोल वळ पडला असेल आणि होजची लांबी पुरत असेल, तर टोकाचा तेवढा भाग काटकोनात कापून वापरणं काही वेळा जमतं. पण इंजिन हलतं, होजला ताण बसता कामा नये. वाकणाचा, साच्यातला होज असेल तर या भानगडीत न पडता नवा घ्या.

माप कसं घ्यायचं

दुकानदार विचारतो, “कोणत्या गाडीची?” गाडीच्या नावावर क्लिप घेऊ नका, मिलिमीटरमध्ये माप सांगा. त्याच गाडीला बाहेरच्या कंपनीचा होज लावला की त्याची जाडी वेगळी असते आणि माप बदलतं.

होज तोंडावर पूर्ण चढवा आणि मगच बाहेरून मोजा, कारण चढवल्यावर तो थोडा ताणला जातो. व्हर्निअर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर कागदाची अरुंद पट्टी होजभोवती गुंडाळा, जिथे टोक येईल तिथे खूण करा, पट्टी सरळ करून मोजा आणि 3.14 ने भागा. पट्टी 119 मिमी भरली तर व्यास जवळपास 38.

स्क्रूने आवळायच्या क्लिपच्या पट्टीवर तिची मर्यादा कोरलेली असते: 20–32, 25–40, 32–50, 40–60 अशी. जर्मन डीआयएन 3017 मानकाप्रमाणे बनवलेल्या क्लिपा याच मापांत मिळतात, 9 किंवा 12 मिमी रुंदीच्या पट्टीत. आता 38 मिमीला 25–40 ही बसेल, 32–50 ही बसेल. मी 32–50 घेईन. 25–40 वाली तिच्या वरच्या टोकाला जाते. पट्टीचं टोक स्क्रूच्या घरात (स्क्रू बसवलेल्या डबीत) जेमतेम अडकतं आणि आवळताना आटे निसटतात. उलट फार मोठी क्लिप खूप आत ओढावी लागली की स्क्रूचं सरळ घर होजच्या गोलाईला जुळत नाही, घराखाली फट राहते आणि वर तीन इंच शेपूट होज-वायरिंगला घासत राहतं. आपलं माप क्लिपच्या मर्यादेत मध्यावर किंवा मध्याच्या थोडं खाली यावं.

कोणत्या जातीची क्लिप?

स्प्रिंग क्लिप. बहुतेक नव्या गाड्यांना कंपनीतूनच येते ती: रुंद पोलादी पट्टीची, दोन कान असलेली, पक्कडीने कान जवळ आणले की उघडणारी. गॅरेजमध्ये होज काढला की पुष्कळदा ती फेकली जाते आणि स्क्रूची क्लिप लागते, कारण तिची खास पक्कड हाताशी नसते. हे थांबायला हवं. रबर उष्णतेने पोलादापेक्षा कितीतरी पट जास्त फुगतं. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे पाच-सहा अंशांत उभी असलेली गाडी थोड्याच वेळात 90 अंशांच्या पुढे जाते. स्क्रूची पट्टी जागची हलत नाही, त्यामुळे फुगलेलं रबर तिच्याखाली चेपलं जातं. वर्षानुवर्षं असं चेपलं गेलं की रबर मूळ जाडीवर येत नाही, आणि इंजिन गार झालं की जोड सैल पडतो. दिवसभर कोरडी असणारी गाडी सकाळी खाली थेंब टाकते ती यामुळे. स्प्रिंग क्लिप रबराबरोबर फुगते आणि त्याच्याबरोबर आक्रसते, दाब कायम ठेवते. कंपनीने जिथे स्प्रिंग क्लिप दिली असेल तिथे तीच परत लावा. तिचं माप अनेकदा कानावर कोरलेलं असतं. गंजलेली, चिरलेली किंवा बसवल्यावर हाताने सरकणारी क्लिप मात्र टाकून द्या. काढताना गरजेपेक्षा जास्त फाकवू नका, स्प्रिंगचा जीव जातो.

जुबली क्लिप, म्हणजे स्क्रूची. ब्रिटिश नौदलातले कमांडर लमली रॉबिन्सन यांनी ती 1921 साली काढली, आणि ‘जुबली’ हे त्यांच्या मालाचं नाव आपल्याकडे सगळ्याच स्क्रूच्या क्लिपांना चिकटलं. हिच्यात दोन प्रकार ओळखायला शिका. एकीत पट्टीला आरपार खाचा असतात. आवळली की रबर त्या खाचांतून वर येतं आणि कापलं जातं. दुसरीत आटे फक्त वरच्या अंगाला दाबून उमटवलेले असतात, आतली बाजू गुळगुळीत आणि कडा किंचित वर वळवलेल्या. कूलंटच्या होजला दुसरीच घ्या. किमतीतला फरक किरकोळ, होजच्या आयुष्यातला मोठा. हाताचं बोट आतल्या बाजूने फिरवलं की दुकानातच कळतं.

पट्टीवर डब्ल्यू1, डब्ल्यू2, डब्ल्यू4 असंही लिहिलेलं असतं. डब्ल्यू1 म्हणजे सगळं जस्ताचा मुलामा दिलेलं साधं पोलाद. डब्ल्यू2 मध्ये पट्टी आणि घर स्टेनलेस, स्क्रू मुलाम्याचा. डब्ल्यू4 मध्ये स्क्रूसकट सगळं स्टेनलेस. पुणे-नाशिककडे डब्ल्यू2 व्यवस्थित चालते. रत्नागिरी, मालवण, गोव्यात, किनाऱ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर डब्ल्यू4 च घ्या. खाऱ्या हवेत डब्ल्यू2 ची पट्टी चकचकीत राहते पण स्क्रू गंजून जाम होतो, आणि पुढच्या वेळी क्लिप कापूनच काढावी लागते. काही जण चुंबक लावून पाहतात. डब्ल्यू4 ला तो जवळपास चिकटत नाही, डब्ल्यू2 ची पट्टी स्टेनलेस असूनही त्याला धरते. चुंबक चिकटला म्हणून दुकानदाराने फसवलं असं लगेच समजू नका.

बारीक होजसाठी, हीटरच्या किंवा थ्रॉटल बॉडीला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाला) जाणाऱ्या साधारण 15 मिमीच्या आतल्या नळ्यांसाठी, स्क्रूची क्लिप नीट गोल होत नाही. तिथे नट-बोल्टची छोटी क्लिप घ्या. तिची पट्टी अखंड असते आणि नळीभोवती एकसारखी बसते. कंपनीतून काही ठिकाणी कान चेपून बसवलेली एकदाच वापरायची क्लिप येते. ती काढली की संपली.

टी-बोल्टच्या जाडजूड क्लिपा ट्रक-बसच्या आणि टर्बोच्या मोठ्या होजसाठी ठीक. कारच्या प्लास्टिकच्या तोंडावर एवढा जोर लावायची गरज नाही. सिलिकॉनचे रंगीत होज लावले असतील तर खाचांची क्लिप मुळीच नको, ते रबर मऊ असतं आणि पटकन कापलं जातं. केबल टाय आणि बांधायची तार या दोन्ही गोष्टी कूलंटच्या जोडावर चालत नाहीत. टाय उष्णतेने सैलावतो, तार रबरात रुतते.

बसवताना

क्लिप आधी होजवर ओवून घ्या, नंतर आठवून उपयोग नाही. जुबली क्लिपचा स्क्रू असा फिरवून ठेवा की पुढेमागे पान्हा सरळ पोचेल आणि शेपूट पंख्याकडे किंवा बेल्टकडे जाणार नाही.

तोंडाला आणि होजच्या आतल्या बाजूला थोडं कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा. ग्रीस, इंजिन ऑइल लावू नका. सीलंट, गॅस्केट पेस्टही नको. ती सुकेपर्यंत वंगणासारखी वागते, होज सरकतो, आणि पुढे तिचे तुकडे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात. होज फिरवत फिरवत तोंडावर शेवटपर्यंत, अडेपर्यंत चढवा.

तोंडाच्या टोकाला एक गोल उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या मागे, म्हणजे उंचवटा आणि होजचं टोक यांच्या मध्ये बसायला हवी. टोकापासून तीन-चार मिमी रबर मोकळं दिसावं. उंचवट्यावर बसवलेली क्लिप तापल्यावर घसरते आणि होज घाटात मध्येच सुटतो. जुनाच होज वापरत असाल तर स्प्रिंग क्लिप जुन्या वळावरच बरोबर बसवा.

आवळण्यासाठी स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. तो घसरतो आणि जवळच्या होजमध्ये किंवा तळहातात घुसतो. डीआयएन क्लिपच्या स्क्रूला बहुधा 7 मिमीचं षटकोनी डोकं असतं, काहींना 8. बॉक्स पान्हा किंवा टी-हँडल घ्या. 9 मिमी पट्टीला 3 न्यूटन-मीटरच्या आसपास, 12 मिमीला 5 च्या आसपास ताकद पुरते. एवढी छोटी टॉर्क रेंच सगळ्यांकडे नसते. त्यांनी छोट्या पान्ह्याला मुठीत न धरता फक्त बोटांनी फिरवावं आणि पट्टीच्या कडेकडे पाहत राहावं. रबर कडेबरोबर किंचित उचललं गेलं, क्लिप हाताने फिरेनाशी झाली, की थांबा. रबर कडेवरून फुगून बाहेर आलं म्हणजे पुढे गेलात.

भरणं आणि पुन्हा पाहणं

काढलेलं कूलंट स्वच्छ असेल तर गाळून परत वापरता येतं, नाहीतर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचं नवं भरा. रंग सारखा दिसला म्हणून दोन वेगळ्या प्रकारचं एकत्र करू नका. बॅटरी जोडा. गाडीचं तोंड किंचित चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, हळूहळू ओता. हवा काढायचा स्क्रू असेल तर कूलंटची सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. मग इंजिन सुरू करून पंखा लागून बंद होईपर्यंत चालू द्या. हीटरमधून गरम वारा आला म्हणजे आतली हवा बहुतेक निघाली.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन कामं: पातळी पाहा आणि जोडाभोवती पुन्हा टिश्यू फिरवा. नव्या रबरावर जुबली क्लिप पहिल्या तापण्या-गार होण्यात थोडी सैल पडते. तेव्हा एकदाच, गार इंजिनावर, आधीच्याच ताकदीने तपासून घ्या. दर आठवड्याला चिमूटभर आवळायची सवय लावून घेऊ नका. आठवडाभर पातळी एकाच रेषेवर राहिली तर काम झालं. पातळी उतरतेय आणि जोड कोरडा आहे, तर पाण्याचा पंप, हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) आणि टोपणाचं रबर, या क्रमाने शोध घ्या.

रस्त्यात गळती लागली तर

गाडीत आपल्या मापाच्या दोन क्लिपा, 7 मिमीचा पान्हा, स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप आणि पाण्याचा कॅन ठेवा. तापमानाचा काटा वर चढताना दिसला की बाजूला घ्या, एसी बंद करा, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा-पाऊण तास टोपणाला हात लावू नका. होज गार आणि कोरडा झाल्यावर टेप ताणून, अर्धी अर्धी एकमेकांवर चढवत गुंडाळा आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना पुरेशी पुढे न्या. जोडाचीच गळती असेल तर नवी क्लिप जुन्या वळाशेजारी, पण उंचवट्याच्या मागेच बसवा. पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर आणि फुल पंख्यावर ठेवा, कमी आरपीएमवर जवळचं गॅरेज गाठा. साधं पाणी भरावं लागलं असेल तर दुरुस्तीनंतर सगळं काढून ठरलेल्या प्रमाणातलं कूलंट भरून घ्या. नुसत्या पाण्यावर गाडी फिरवत राहिलात तर ॲल्युमिनियमच्या तोंडावर तीच पांढरी भुकटी पुन्हा साचायला लागते.